घरचं आणि दुकानाचं वीजबिल वाढतच चाललंय. सरकार एवढ्या सवलती जाहीर करतं, त्या जातात कुठे?

तुम्ही दोन बिलांबद्दल विचारलंय. घरचं बिल उन्हाळ्यात एकदम अडीचपट आलं आणि झेरॉक्सच्या दुकानाचं दर वर्षी चढतंच आहे. वर शेतीपंपांना मोफत वीज, यंत्रमागांना सवलत, सोलरला अनुदान अशा बातम्या, मग आपल्या बिलात त्यातलं काहीच का दिसत नाही, अशी तुमची तक्रार आहे. मी इचलकरंजीतला खर्चीवाला यंत्रमागधारक. सूत व्यापाऱ्याचं, कापडही त्याचंच, आम्हाला विणायची मजुरी मिळते आणि ती पिकामागे, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यामागे, पैशांत ठरते. त्यामुळे वीज युनिटमागे चार आणे वाढली तरी ती कुणाकडून वसूल करता येत नाही, मजुरीतूनच जाते. या विषयात मी पडलो तो त्यामुळे.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडच्या बहुतेक सवलतींनी विजेचा खर्च कमी होत नाही, तो एका बिलावरून उचलून दुसऱ्या बिलावर ठेवला जातो. तुमचं दुकान आणि शंभर युनिटच्या वर जाणारं घर, दोन्ही ज्यांच्यावर तो ठेवला जातो त्यांच्यात मोडतात.

आधी घरचं बिल बघू. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरांनुसार घरगुती विजेचा पहिल्या १०० युनिटांचा दर होता ४ रुपये ७१ पैसे आणि १०१ ते ३०० पर्यंतचा १० रुपये २९ पैसे. शिवाय प्रत्येक युनिटला १ रुपया १७ पैसे वहन आकार, म्हणजे वीज तारांतून पोचवण्याचा खर्च. स्थिर आकार १२८ रुपये धरा. आता १०० युनिट पडले तर वीज आकार ४७१, वहन ११७, स्थिर १२८, मिळून ७१६. त्यावर १६ टक्के वीज शुल्क लागून बिल साधारण ८३१ रुपये. उन्हाळ्यात कूलर, फ्रिज, पंखे धरून २०० युनिट पडले की वीज आकार १,५००, वहन २३४, स्थिर १२८, म्हणजे १,८६२ आणि शुल्कासह २,१६० च्या आसपास. वापर दुप्पट, बिल अडीचपटीहून जास्त. इंधन महागलं की वर लागणारा इंधन समायोजन आकार यात धरलेलाच नाही. दर त्यानंतर बदलले आहेत, पण टप्प्यांची रचना तीच आहे. त्यामुळे तुमचं मीटर पळतंय असं लगेच समजू नका.

हे टप्पे असे का, यातच तुमच्या प्रश्नाचं मूळ आहे. पहिल्या शंभर युनिटांचा दर वीज घरापर्यंत आणायच्या सरासरी खर्चाहून कमी ठेवलेला असतो. त्यातली तूट भरून निघते ती वरच्या टप्प्यातल्या घरांकडून, दुकानांकडून, कारखान्यांकडून. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. गरिबाच्या घरचा दिवा स्वस्तात लागावा याला माझा अजिबात विरोध नाही. पण ही रक्कम कुणी किती भरली हे बिलावर कुठेच छापलेलं नसतं, आणि त्यामुळे त्यावर कधी बोलणंही होत नाही.

शेतीपंपांचंही तेच. २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल आता राज्य सरकार भरतं आणि त्यासाठी वर्षाला सुमारे १४,७६० कोटी रुपये लागतील असं सांगितलं गेलं. आकडा मोठा आहे, पण पंपांचा दर मुळातच खर्चापेक्षा कमी ठरवलेला असतो. त्या दराचे पैसे सरकार देतं, दर आणि खरा खर्च यांतला फरक मात्र तुमच्या-माझ्याच बिलातून जातो. इथे वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे वीजदर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगापुढे घेत आलेला एक आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच पंपांना मीटर नाहीत, वापर अंदाजाने धरला जातो, आणि तो फुगवून दाखवला की चोरी आणि गळती त्याखाली झाकली जाते. म्हणजे शेतकऱ्याच्या नावावर अशी वीज लागते जी त्याच्या विहिरीपर्यंत गेलेलीच नसते. आमच्याकडे माग चालवणाऱ्या कित्येकांचे भाऊ गावाकडे शेती करतात. रात्रपाळीच्या विजेवर ऊस भिजवायला अंधारात बांधावरून जाणारा माणूस मी घरातच बघितलाय. त्याला ‘फुकट्या’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

मूळ खर्च का वाढतो? महावितरणचा सर्वांत मोठा खर्च वीजखरेदीचा. दीर्घ मुदतीच्या करारांत वीज घेतली नाही तरी प्रकल्पाला स्थिर आकार द्यावा लागतो. कोळसा महागला की ती वाढ इंधन समायोजन आकारातून आपल्यापर्यंत येते. २०२२ च्या उन्हाळ्यात कोळशाची टंचाई झाली, केंद्राने वीजकेंद्रांना १० टक्के आयात कोळसा मिसळायला सांगितलं, आणि त्या पावसाळ्यात बिलातली ती एक ओळ किती जड झाली हे इथल्या प्रत्येक मागवाल्याला आठवतंय.

आता सरकारच्या उत्तरांकडे. जाहीर झालेलं आणि मिळालेलं यांत फरक कसा पडतो, ते २०२० मध्ये सगळ्यांनी बघितलं. लॉकडाउनमध्ये रिडिंग झालं नाही, सरासरीने बिलं आली, जूनमध्ये एकदम फुगलेली बिलं हातात पडली. सवलत देऊ असं सांगितलं गेलं, लोक दिवाळीपर्यंत थांबले, आणि नोव्हेंबरात तत्कालीन ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी बिलं भरावीच लागतील असं स्पष्ट केलं. आमच्या यंत्रमागांना २०२४ मध्ये जादा सवलत जाहीर झाली, २७ अश्वशक्तीपर्यंत युनिटमागे १ रुपया आणि त्याहून जास्त असेल तर ७५ पैसे. पण आधी ऑनलाइन नोंदणीची अट आली. ज्याचं शेड एकाच्या नावावर, मीटर दुसऱ्याच्या आणि माग तिसऱ्याचे, अशा माणसाने कोणता कागद जोडायचा? पिढीजात वाटण्या झालेल्या पेठांत अशी शेडं काही कमी नाहीत.

पीएम सूर्यघर योजना चांगली आहे, हे आधी सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून घरगुती छतावरच्या सोलरला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३० हजार आणि ३ किलोवॉट किंवा जास्तला एकूण ७८ हजार अनुदान मिळतं. एक किलोवॉट महिन्याला साधारण १२० युनिट देतो, म्हणजे तुमच्या महागड्या टप्प्यातली युनिटं आधी गळतात. छत स्वतःचं असेल तर जरूर करा. पण दुकानदार यात बसत नाहीत, आणि भाडेकरूंना किंवा फ्लॅटवाल्यांना हे सहज जमत नाही. दुकानाला नेट मीटरिंग (सोलरची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करणं) करता येतं, अनुदान नाही. माझं शेड भाड्याचं आहे आणि पत्रा जुना, त्यामुळे माझाही प्रश्न सुटत नाही.

माझ्या मते खऱ्या अर्थाने खर्च कमी करू शकणारी योजना एकच, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी. गावाजवळ सौर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून पंपांकडे जाणाऱ्या वीजवाहिन्या, दिवसा त्या विजेवर चालवायचे. शेतकऱ्याला रात्री जावं लागत नाही, महावितरणला महाग वीज घ्यावी लागत नाही, आणि फीडर वेगळा असला की तिथे किती वीज गेली हे मोजता येतं. ही मोजणी नीट झाली तर वरचा गळतीचा वादही निकाली निघेल. म्हणून या योजनेचा वेग वाढावा यासाठी आपणच आग्रह धरला पाहिजे.

वीज शुल्काबद्दल फार कमी बोललं जातं. घरगुती बिलावर १६ टक्के, दुकानाच्या बिलावर २१ टक्के. हा राज्याचा कर आहे, आणि तो बिलाच्या टक्क्यांत असल्यामुळे दर वाढले की तोही आपोआप वाढतो. वरच्या २०० युनिटांच्या बिलात जवळजवळ ३०० रुपये शुल्काचे आहेत. छोट्या ग्राहकाला दिलासा द्यायचा असेल तर नवी योजना, नवं पोर्टल, नवी नोंदणी कशाला? हे टक्के कमी केले की पुढच्याच बिलात प्रत्येकाला दिसेल. आणि कुठल्या गटाला सवलत द्यायचीच असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे सरकारने ती रक्कम आगाऊ भरायची असते. अर्थसंकल्पातून आली तर तिच्यावर सभागृहात चर्चा तरी होईल.

मोठे उद्योग यातून वाट काढतात. १०० किलोवॉट किंवा जास्त मागणी असेल तर हरित ओपन ॲक्सेसने, म्हणजे महावितरणऐवजी थेट दुसऱ्या उत्पादकाकडून, सौर-पवनसारखी वीज घेता येते. ते गेले की उरलेल्यांवर भार वाढतो, आणि उरतो तो तुमच्या-माझ्यासारखाच.

तुम्ही आत्ता करण्यासारखं सांगतो. बिलावरची मागील आणि चालू रिडिंगची तारीख बघा. दिवस जास्त असतील तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून द्यायला हवेत. घर बंद असल्याचा ‘लॉक’ शेरा पडून सरासरीने बिल आलं असेल तर मीटरचा फोटो काढून लगेच तक्रार नोंदवा, दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जा. तिथे वकील लागत नाही. एप्रिल-मेमध्ये वेगळं बिल आलं असेल तर ते बहुधा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं आहे. सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव ठेवावी लागते आणि तिच्यावर व्याज मिळतं, ते बिलात जमा झालंय का तपासा. दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा आयोग हरकती मागवून जनसुनावणी घेतो. तिथे दुकानदार संघटनेच्या लेटरहेडवर एक पान तरी द्याच.

आणि दुकान घराच्याच एका भागात असेल, मीटर एकच असेल, तर एक तरतूद फार थोड्यांना माहीत असते. महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत आणि आधीच्या वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल तर घरगुती दरच लागू होतो. तुमचं तसं आहे का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. असेल तर वर्गवारी बदलण्याचा अर्ज कसा करायचा ते खाली प्रतिसादात सांगतो.