फाईल उघडायला लागली की नाव चुकलं

अगं, कर्जाच्या अर्जासोबत येणाऱ्या कागदांच्या फाईल्सना नावं कशी द्यायची, हा तुझा मेसेज परत एकदा वाचला. सीनियर म्हणतात तारीख आधी टाक, शेजारची म्हणते ग्राहकाचं नाव आधी आणि आयटीवाला म्हणतो नावाचं काय घेऊन बसलात, सर्च आहे ना. तू तिघांचं ऐकून तीन पद्धतींनी नावं देऊन बसलीस. पण या तिघांच्याही आधीचा प्रश्न वेगळाय. तुला न विचारता, फाईल न उघडता, परक्या माणसाला कळलं पाहिजे की आत काय आहे. उघडायला लागली की नाव चुकलं.

सर्चचं म्हणशील तर स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये बरेचदा नुसता फोटो असतो, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर, केलेलं नसेल तर सर्चला आतलं अक्षरही दिसत नाही. आणि छोट्या धंदेवाल्यांकडून येतं काय तर मोबाईलवरचे फोटो, 'स्कॅन००१', 'डॉक्युमेंट (३)', 'स्टेटमेंट'. त्यांच्यावर चिडायचं नाही, त्यांना धंदा बघायचाय. नाव देणं आपलं काम, आणि ते कागद हातात आला त्या क्षणी करायचं, संध्याकाळी सगळी एकदम नाही. संध्याकाळपर्यंत तुलाच आठवत नाही कुठला कागद कोणाचा.

क्रम विचारलास ना? आधी अर्जाचा नंबर, कारण एकाच नावाचे दोन धंदे निघतात आणि तोच ग्राहक पुढे कर्जाच्या रिन्यूअलला परत येतो. मग कागद कोणाचा. इथे जरा थांब, छोट्या कर्जात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. धंद्याचा टॅक्स रिटर्न वेगळा, मालकाचा वेगळा, जामीनदाराचा वेगळा, आणि आपली माणसं तिन्हींना नुसतं 'रिटर्न' म्हणून मोकळी होतात. मग कोणीतरी घाईत मालकाचं उत्पन्न धंद्याचं समजून हिशोब करतं. कोणाचा ते नावातच पाहिजे, दरवेळी, कितीही कंटाळा आला तरी.

मग कागदाचा प्रकार, मग काळ, शेवटी व्हर्जन. काळ म्हणजे कागद ज्या काळाचा आहे तो, तुझ्याकडे आला तो दिवस नाही. जानेवारी ते मार्चचं स्टेटमेंट मे महिन्यात आलं तरी नावात जानेवारी ते मार्चच. फोल्डरमध्ये दिसणाऱ्या तारखेवर तर अजिबात जाऊ नकोस, डाउनलोड केलं, कॉपी केलं की ती बदलू शकते. तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच, वर्ष चार आकडी, महिना आणि दिवस दोन आकडी. हा माझा हट्ट नाही, आयएसओ ८६०१ म्हणून स्टँडर्डच आहे, १९८८ पासून. अशी लिहिली की नावं आपोआप काळाच्या क्रमाने लागतात, आणि ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल का चार मार्च हा वादच उरत नाही.

'फायनल' हा शब्द मात्र मला दिसता कामा नये. मी एका ठिकाणी असताना कमिटीने विचारलं की मंजुरी कुठल्या बॅलन्स शीटवर दिली, फोल्डरमध्ये दोन होत्या, दोन्ही 'फायनल', आकडे वेगळे, आणि ज्याने ठेवल्या तो नोकरी सोडून गेलेला. सगळं परत तपासेपर्यंत कर्जदार ताटकळत राहिला आणि त्याचा सीझन निघून गेला, तो माणूस अजून डोळ्यासमोर येतो. तेव्हा मला लोक किरकिरा म्हणायचे. म्हणू देत. मी उलट गोडीत सांगत बसलो याचं वाईट वाटतं, जरा जोरात भांडायला हवं होतं. 'फायनल'च्या जागी जे खरं आहे ते लिही, प्रोव्हिजनल (ऑडिटच्या आधीचं) का ऑडिटेड, सही झालेलं का बिनसहीचं, व्हर्जन ०१ का ०२.

खाते नंबर, ओळखपत्राचा नंबर नावात कधीच नाही. फाईलला पासवर्ड असला तरी नाव सगळ्यांना दिसतं, ईमेलमध्येही, लॉगमध्येही. स्लॅश, कोलन, प्रश्नचिन्ह विंडोज घेतच नाही, तिथे अंडरस्कोर वापर. नाव लांबलचकही नको, विंडोजमध्ये फोल्डरसकट सगळा पाथ २६० अक्षरांच्या पुढे गेला की बऱ्याच ठिकाणी फाईल उघडायला त्रास देते.

जुन्या फाईल्सचं: बंद झालेल्या केसेसना हात लावू नकोस. चालू अर्जांचीच नावं बदल, तीही आधी कॉपी काढून, आणि जुनं नाव-नवं नाव अशी यादी ठेव, कारण क्रेडिट नोटमध्ये, म्हणजे कर्जाच्या मंजुरीसाठी लिहितो त्या टिपणात, जुन्या नावाचा उल्लेख असू शकतो. पण त्याआधी टीमला बसवून कागदांच्या प्रकारांची छोटी नावं ठरवून घे. तुझ्या स्क्रीनशॉटमध्ये 'बीएस' दिसलं, ते बँक स्टेटमेंट आहे का बॅलन्स शीट? मला उघडून बघावं लागलं असतं. ती यादी लिहून झाली की पाठव, बघतो.