आईला कॅन्सर आहे. 'दुखणं देवाला अर्पण कर' म्हणतात, म्हणजे गप्प सोसायचं का?

नाही, गप्प सोसायचं नाही. औषधोपचार चालू ठेवून जे दुखणं तरीही उरतं, ते ख्रिस्ताच्या दुःखाला जोडून कुणासाठी तरी प्रार्थना करायची, इतकाच 'अर्पण'चा अर्थ. मी वसईत चर्चतर्फे अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी कम्युनियन (मिस्सातली पवित्र भाकर) घेऊन जातो, त्यामुळे हे जवळून बघतो. आधार बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात आहे (1:24), आणि पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1984 मध्ये दुःखावर लिहिलेल्या पत्रात तो सविस्तर उलगडलाय. घरात मात्र सगळं साधं असतं: रोझरीतली (जपमाळेतली) दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखाचे पाच प्रसंग, त्यात मध्येच "हे नातीच्या परीक्षेसाठी", "हे शेजारच्या वहिनींसाठी". पहिलंच रहस्य गेथशेमाने बागेतलं. तिथे येशू स्वतःच 'हा प्याला टळू दे', म्हणजे हे दुःख टळू दे, अशी विनवणी करतो, तेव्हा आईने रडायला, देवावर चिडायलाही हरकत नाही. पाचही रहस्यं झेपत नसतील तर एक पुरे. फादरांना सांगून तेलाचा संस्कारही (आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना) करून घ्या. तो शेवटच्या घटकेलाच देतात हा आपल्याकडचा समज काही जात नाही, पण गंभीर आजारात, मोठ्या ऑपरेशनआधीही तो मिळतो. फक्त हे अर्पण आईने स्वतःहून करायचं. धडधाकट माणसाने उशाशी बसून ते ऐकवलं की जखमेवर मीठच. आणि वेदनाशामक गोळ्या बिनधास्त द्या, चर्चची त्याला मनाई नाही.