लंडनहून आणलेली स्लो जिन टॉनिकमध्ये नुसती गोडगोड लागते, मग ती प्यायची कशी?

तुम्ही लिहिलंय की भाच्याने स्लो जिन आणली, नेहमीसारखा ६० एमएलचा पेग भरून वर टॉनिक ओतलं आणि मजा आली नाही. बाटली खराब नाहीये हो. नावात जिन असलं तरी ही लिक्युअर आहे, म्हणजे गोड केलेली फळांची दारू, साखर भरपूर आणि अल्कोहोल कमी. साध्या जिनला इथे इंग्लंडात किमान ३७.५ टक्के लागतं, स्लो जिनला २५ चालतं. त्यात टॉनिक पण गोडच, म्हणजे गोडावर गोड झालं.

मी इंग्लंडात राहतो आणि इथे ही थंडीतली लाडकी गोष्ट आहे. स्लो म्हणजे ब्लॅकथॉर्नच्या काटेरी झुडपाचं फळ, करवंदाएवढं, निळं-काळं, शेतांच्या कडेला कुंपणात असंच वाढलेलं असतं. नुसतं चावलं तर तोंड इतकं तुरट होतं की दुसरं फळ कोणी खात नाही. लोक ती सप्टेंबर-ऑक्टोबरपासून तोडतात, सुईने टोचतात नाहीतर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात म्हणजे साल फुटते, मग जिन आणि साखरेत दोन-तीन महिने मुरवायची, की ख्रिसमसपर्यंत तयार.

आता पहिला घोट नुसताच घ्या, प्लीज. छोटा ग्लास, २५-३० एमएल, बर्फ नको, आणि बाटली फ्रीजरमधली पण नको कारण फार गार केली की वास बसतो. आधी नुसता वास घ्या. लाल फळांच्या मागे हलकासा बदामाचा वास येईल, तो फळातल्या बीचा. मग छोटा घोट जिभेवर फिरवा, आधी गोड लागेल, मग आंबट, आणि गिळल्यावर गालाच्या आतून जो कोरडा तुरटपणा येतो ना, खरी स्लो जिन तीच. तो तुरटपणा अजिबात आला नाही आणि नुसता गोडवाच राहिला तर बाटली साधारण आहे असं समजा.

ड्रिंक बनवायचं तर आंबट हवंच. माझं आवडतं स्लो जिन फिझ, ४५ एमएल स्लो जिन, २० एमएल ताज्या लिंबाचा रस, बर्फ टाकून जोरात हलवायचं, गाळून उंच ग्लासात ओतायचं आणि वर गार सोडा. रेसिपीत साखरेचा पाक पण सांगतात पण मी आधी चव बघतो, बहुतेक वेळा लागत नाही. टॉनिकच हवं असेल तर अर्धी स्लो जिन, अर्धी साधी कडक जिन, टॉनिक थोडं आणि अर्धं लिंबू पिळा, जुनिपर, म्हणजे जिनला तिची मूळ चव देणारं फळ, परत जाणवायला लागतो. साधी जिन भारीतली नको, कुठलीही ड्राय जिन चालेल. पाहुण्यांसाठी स्पार्कलिंग वाइनच्या ग्लासात तळाला १५-२० एमएल टाका, रंग मस्त येतो आणि काही करावं पण लागत नाही.

सोबत खारट काहीतरी ठेवा. इथे स्टिल्टन चीज घेतात, तिकडे खारे काजू किंवा जुनं चेडर मिळालं तर बेस्ट. चॉकलेट केकबरोबर मात्र देऊ नका, दोन्ही एकमेकांची चव मारतात.

आणि हो, पिंक जिन नावाच्या बाटल्या वेगळ्या, त्यातल्या बऱ्याच ३७.५ टक्क्यांच्या असतात आणि टॉनिकबरोबर छान जातात, म्हणून कुठलीही बेरीवाली बाटली हातात आली की आधी लेबलवरचे टक्के बघा.