उडी बसते, पण तोल जातो

प्रश्न : पार्कोरमधली (भिंती, कठडे असे अडथळे पळत, उड्या मारत पार करायचा प्रकार) प्रिसिजन जंप शिकतोय, तीच, दोन्ही पायांनी उडी मारून नेमकं कडेवर उतरायची. जमिनीवर मस्त जमते पण कठड्यावर उतरलो की दरवेळी पुढेच झुकतो. काय चुकतंय?

उत्तर : अरे, तुझी उडी बहुतेक सपाट जातेय. नुसतं पुढे झेपावलास तर तो वेग उतरल्यावरही तुला ढकलतच राहतो, म्हणून जरा वर उडी मार, हात मागून जोरात पुढे-वर आण, हवेत गुडघे वर घे आणि उतरताना पाय अंगाच्या किंचित पुढे ठेव म्हणजे तोल मागे धरला जातो. टेकायचं ते चवड्यांवर, टाचेवर नाही, आणि तळव्याच्या मधल्या खोलगट भागावर तर अजिबात नाही, पाय सटकतो. गुडघे वाकव पण ९० अंशांपेक्षा जास्त नको, झटका मांड्यांना घेऊ दे.

आणि कठड्याची घाई कशाला? आधी जमिनीवर खडूची रेघ, मग फूटपाथची कड. उतरून २-३ सेकंद स्थिर राहिलास तरच ती उडी मोजायची (इथे सगळे स्वतःला फसवतात!). ओल्या कडेवर मात्र नकोच.