आज आवतण घ्या, उद्या जेवायला या

"ताई, बाप गेला तेव्हासुद्धा मी एवढा रडलो नव्हतो. माझं डोकं फिरलंय का?"

मामा खुर्चीच्या कडेला टेकले होते. म्हातारे, लंगडे, मालकांनी सोडून दिलेले बैल जिथे शेवटपर्यंत सांभाळतात, अशा आश्रमात ते अकरा वर्षं राबत होते. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळखीचे तपशील बदलले आहेत.) झोप उडाली, जेवण तुटलं, म्हणून मामींनीच त्यांना माझ्याकडे समुपदेशनासाठी ओढून आणलं होतं. मामींची तक्रार वेगळी होती. खाटेखाली एक पत्र्याचा डबा होता, तो ते कुणाला हलवू देत नव्हते.

डब्यात वेसणी होत्या. आश्रमात बैल आला की मामा आधी त्याची वेसण कापत आणि ती जपून ठेवत. घामानं काळ्या पडलेल्या, नाकाच्या वळणावर गुळगुळीत झालेल्या त्या दोऱ्या त्यांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर बोट ठेवून ते नाव सांगत गेले. हौशाच्या वेसणीवर बोट आलं आणि आवाज थांबला.

हौशा 2022 च्या लम्पीत, जनावरांच्या त्वचारोगाच्या साथीत, गेला. अंगभर गाठी, पायाला सूज. माश्या, डास, गोचीड यांच्यामार्फत हा आजार पसरतो, म्हणून आजारी जनावरं लांबच्या शेडात होती आणि मामांना निरोगी जनावरांकडेच थांबायला सांगितलं होतं. हौशा रात्री गेला. सकाळी जेसीबीनं खड्डा खणला, वर चुना पडला. त्यांना हातही लावता आला नाही.

इथे माझी चूक झाली. मी लगेच म्हणाले, "तुम्ही लांब राहिलात म्हणून तर बाकीचे वाचले." खरंच होतं ते, पण मामांनी मान खाली घातली आणि ते गप्प झाले. पुढच्या भेटीत मी एवढंच विचारलं, "हौशा कसा होता?" मामा तासभर बोलले. त्याला भाकरी लागायची ती गूळ लावलेली. परक्या माणसाला शिंग दाखवायचा, पण मामांच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभा राहायचा. त्या दिवशी ते पहिल्यांदा माझ्यासमोर मोकळेपणी रडले.

"माझं डोकं फिरलंय का?" असं विचारणारे मामा एकटे नाहीत. गाय गेलेल्या आजी येतात, कुत्रा गेलेली मुलं येतात. दुःखापेक्षा लाज त्यांना जास्त छळत असते. माणूस गेला की दारात माणसं येतात, दहावा-तेरावा होतो. बैलासाठी कोण येणार? समाज ज्याला दुःख मानतच नाही अशा दुःखाबद्दल अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी 1989 मध्ये सविस्तर मांडणी केली. रडायला जागाच मिळाली नाही, की ते झोपेवर, जेवणावर निघतं. मामांचं डोकं फिरलं नव्हतं. त्यांचा रोजचा सोबती गेला होता. मात्र महिनोन्‌महिने काहीच सुधारत नसेल किंवा जगणंच नको वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवायलाच हवं. टेलि-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा सरकारी क्रमांकही रात्रंदिवस चालू असतो.

डबा टाकून द्या, असं मी कधीच म्हटलं नाही. मी विचारलं, "पोळ्याला तुम्ही काय करता?"

त्या वर्षी खांदेमळणीच्या संध्याकाळी मामांनी जित्या बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळलं आणि प्रत्येकाच्या कानाशी म्हटलं, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या." मग डबा घेऊन ते पुरलेल्या जागेकडे गेले. मामी कंदील धरून बरोबर होत्या. एकेक वेसण हातात घेऊन मामांनी त्यांनाही आवतण दिलं. हौशाचं नाव घेताना आवाज फुटला, पण त्यांनी वाक्य पुरं केलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा पहिला घास त्या मातीवर ठेवला. दुसरा नव्यानं आलेल्या बांड्याला दिला. जुवानं त्याच्या खांद्याला पडलेला घट्टा अजून ओला होता. "हात लावू देत नाही हो," मामा मला फोनवर सांगत होते, "पण गूळ लावलेली भाकरी घेतो."