ताडपत्रीखालची एमजीबी आणि शनिवारचे चार तास

*ताई, माझं वय ४७. तिशीत असताना मी १९६५ ची एमजीबी, म्हणजे जुनी ब्रिटिश मोटार, घेतली. दोन सीटची, उघड्या टपाची. पूर्ण खोलून नव्यानं उभी करायची होती. पुढे लग्न झालं, तरी शनिवार-रविवार मी गाडीखालीच. इंजिन उतरवलं, डाव्या दाराखालचा गंजलेला पत्रा कापून काढला. तेवढ्यात मुलगी झाली, मग मुलगा, मग आईचं लांबलेलं आजारपण. गाडी १४ वर्षं लोखंडी स्टँडवर टेकवलेली, ताडपत्रीखाली आहे. आई गेल्या वर्षी गेली. आता हात पुन्हा शिवशिवतात, पण ताडपत्री उचलायची लाज वाटते. बायको म्हणते, "गाडीचं काय करायचं ते कर, पण पुन्हा नाहीसा होऊ नकोस." म्हणजे विकून टाक, असंच ना? काय करू?*

दादा,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वहिनींच्या वाक्यापाशी थांबले. ते तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत हे फार बरं केलंत, कारण तुम्ही काढलेला अर्थ त्यात नाहीच. गाडी विक, असं त्या म्हणालेल्या नाहीत. नाहीसा होऊ नकोस, असं म्हणाल्या. लग्नानंतरची पहिली वर्षं त्यांनी गॅरेजच्या बंद दारापलीकडे काढली, त्याची ती आठवण आहे. ती मनात ठेवूनही 'काय करायचं ते कर' म्हणणाऱ्या बाईनं तुम्हाला बरीच मोकळीक दिली आहे.

म्हणून त्यांच्याकडे परवानगी मागायला जाऊ नका, वेळ ठरवायला जा. शनिवारी सकाळी सात ते अकरा, हे जमेल का, एवढंच विचारा. आणि जमेल म्हणाल्या, तर अकरा म्हणजे अकरा. बोल्ट अर्धा निघालेला असला तरी पाना खाली ठेवायचा, हात धुवायचे आणि घरात यायचं. पहिले दोन-तीन महिने त्या तुमच्या कामाकडे पाहणार नाहीत, घड्याळाकडे पाहतील. वर्षाला किती खर्च करायचा, तो आकडाही दोघांनी मिळून ठरवा.

लाजेबद्दल मला एकच म्हणायचं आहे. आईच्या उशाशी बसायचं सोडून वेल्डिंग करत राहिला असतात, तर आज तुम्ही मला वेगळंच पत्र लिहिलं असतंत आणि त्याला माझ्याकडे उत्तर नसतं.

आता गाडी. तुमच्यासारखी माणसं चुकतात ती इथेच. 'मागील पानावरून पुढे चालू' म्हणून काम हातात घेतात. माझ्या धाकट्या भावानं सहा वर्षं उभ्या गाडीला पहिल्याच दिवशी नवी बॅटरी जोडून स्टार्टर मारला. गंजानं सिलिंडरला धरलेली पिस्टनची रिंग तुटली आणि भिंतीवर ओरखडा गेला. चांगलं इंजिन एका सकाळच्या उतावीळपणापायी पुन्हा खोलावं लागलं. त्या दिवसांत मी त्याच्या शेजारी बसून नट पुसत असे, म्हणून हे पोटतिडकीनं लिहिते आहे.

ही गाडी दुसऱ्या कुणीतरी अर्धवट सोडलेली आहे आणि तुम्ही ती आज विकत घेतली आहे, असं धरून चाला. तिशीतल्या त्या मुलाला सगळं पाठ होतं, म्हणून त्यानं फारसं लिहून ठेवलं नाही. एखाद्या पिशवीवर तुमच्याच अक्षरात 'डावीकडचा, वॉशर दोन' एवढंच सापडेल. डावीकडचा म्हणजे सीटवर बसून डावीकडचा, की समोरून पाहताना? तुम्हाला आठवणार नाही. आठवतंय असं वाटलं, तरी भरवसा ठेवू नका. पहिले तीन-चार शनिवार फक्त मोजदाद करा. प्रत्येक डबा उघडा, फोटो काढा, नवी चिठ्ठी लावा, वहीत लिहा. बेअरिंगच्या टोप्या सुट्या केलेल्या असतील, तर कुठली कुठल्या जागेची हे आधी लावा. त्या आपापल्या जागी घासून बसवलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

त्याही आधी, कुणीही गाडीखाली जाण्यापूर्वी, स्टँड बघा. १४ वर्षांत पाय गंजले असतील, नाहीतर ज्या पत्र्यावर ते टेकले आहेत तोच कुजला असेल. मुलं गॅरेजमध्ये येणार असतील, तर हे पहिल्याच सकाळी.

मला खरी काळजी वाटते ती डाव्या बाजूची. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यात तुमची उघड्या टपाची, म्हणजे वरून आधार नाही, आणि दाराखालची ती पेटीसारखी पट्टी, सिल, हीच मधला बराच भार पेलते. नेमकी तीच तुम्ही कापून ठेवली आणि गाडी १४ वर्षं उभी राहिली. मधून थोडी दबली असण्याची शक्यता आहे. तपासायला सोपं आहे. डावं दार बिजागऱ्यांवर टांगा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वर आणि खाली मोजा. वरची फट खालच्यापेक्षा अरुंद असेल, दार वरच्या बाजूला घासत असेल, तर गाडी मध्ये बसली आहे. अशा वेळी नवी सिल तशीच वेल्ड केलीत, तर तो बाक कायमचा होईल. खालून जॅक देऊन, आधार हळूहळू बदलत फट सारखी आणायची, मग दाराच्या मोकळ्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी तात्पुरती वेल्ड करायची, आणि त्यानंतरच सिल. दार लावून बघितल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च पेटवू नका.

इंजिनाला घाई नाही. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग क्रँकच्या, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याच्या, पुढच्या नटला पाना लावून हातानं हलकेच हलवा, थोडं पुढे, थोडं मागे. हलला नाही तर पुन्हा तेल, पुन्हा आठवडा. पाईप लावून जोर करू नका. टाकीत जुनं पेट्रोल असेल, तर झाकण उघडताच वॉर्निशसारखा वास येईल. ते काढून टाका आणि दोन्ही एसयू कार्ब्युरेटर (इंजिनात पेट्रोल आणि हवा मिसळून सोडणारे) खोलून धुवा. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ या प्रकारचं ब्रेक ऑइल नवं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. म्हणजे ते ओतून द्यायचंच, रबरी नळ्या आणि ब्रेकच्या सिलिंडरांची रबरंही नवी घालायची. ब्रेकच्या जुन्या लायनरची धूळ फुंकर मारून किंवा हवेच्या पाईपनं उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं फेकून द्या.

आणि १९६५ ची गाडी म्हणजे पॉझिटिव्ह अर्थिंग, बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं; आजच्या गाड्यांत निगेटिव्ह टोक असतं. एमजीबीला निगेटिव्ह अर्थिंग १९६७ च्या पुढे आलं. मधे कुणी बदल केला नसेल, तर सीटमागच्या दोन सहा व्होल्टच्या बॅटऱ्या जोडताना आजच्या गाडीची सवय हाताला नडेल. वहीच्या पहिल्या पानावर हे मोठ्या अक्षरात लिहा.

सुट्या भागांची चिंता मात्र सोडा. एमजीबी १९६२ ते १९८० अशी १८ वर्षं बनली, पाच लाखांहून जास्त, म्हणून तिचे भाग आजही नव्यानं तयार होतात. १९८८ पासून तर ब्रिटिश मोटर हेरिटेज या कंपनीनं अख्खी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. तुम्ही थांबलात म्हणून या गाडीचं काही हातचं गेलेलं नाही.

विकायचं का, ते आज ठरवू नका. मोजदाद झाली, दाराची फट कळली, की दोघं बसून ठरवा. आकडा झेपणारा नसेल तर विका. चिठ्ठ्या लावून, वहीसकट दिलेली अर्धवट गाडी घेणारा मनापासून घेतो, आणि त्यात तुमची हार नाही. पण माझं मत विचाराल, तर तुम्ही ती उभी करावी. पत्रात मुलांची वयं तुम्ही लिहिली नाहीत, मात्र कापलेली सिल डावीकडची हे न चुकता लिहिलंत. १४ वर्षांनीही ज्याला हे ठाऊक आहे, त्याचं मन त्या गाडीतून उठलेलं नाही.

मुलीला चिठ्ठ्या लिहायला बसवता आलं तर बसवा. तिला यायचं नसेल, तर तेही चालेल. आणि दाराच्या फटीचं माप, वरचं आणि खालचं, मला नक्की कळवा. मी वाट पाहते.

तुमची,
ताई