१२ वर्षं बंद असलेला कॉम्प्रेसर चालू करण्याआधी

प्रश्न: काकांच्या वर्कशॉपमधला जुना कॉम्प्रेसर माझ्याकडे आलाय, दोन सिलिंडरचा, पट्ट्यावर चालणारा, टाकी १६० लिटरची. १२ वर्षं कोपऱ्यात पडून होता. फ्लायव्हील हाताने फिरतंय. खालचा ड्रेन कॉक कसाबसा उघडला तर लालसर, कोऱ्या चहासारखं पाणी आलं, चांगलं तांब्याभर. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणीतरी बोल्ट पिळून ठेवलाय. ऑइल बदलून सरळ चालू केला तर चालेल का? थोडं स्प्रे पेंटिंग आणि धूळ उडवायला पाहिजे, जास्त प्रेशर लागणार नाही.

उत्तर: थांबा, अजून प्लग लावू नका. तुमचं ते लाल पाणी आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या (प्रेशर जास्त झालं की आपोआप हवा सोडणारा व्हॉल्व्ह) जागचा तो बोल्ट, हे दोन्ही वाचून मला खरंच काळजी वाटली. पंप किंवा मोटर बिघडली तर आवाज येतो, गरम होते, ट्रिप होते, काहीतरी कळतं. टाकी गपचूप आतून गंजत जाते, वरून रंग चकाचक असतो आणि फुटते तेव्हा एकदमच फुटते. आणि "जास्त प्रेशर लागणार नाही" यावर जाऊ नका. टाकीचा व्यास ४० सेंटीमीटर धरा, ७ किलो प्रेशरला (म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ७ किलो) तिच्या एका टोकावर जवळजवळ पावणेनऊ टन जोर येतो, ३ किलोवर चालवली तरी पावणेचार टन.

हवा दाबून टाकीत गेली की थंड होते, तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं आणि तळाला बसतं, म्हणून गंज नेहमी तळाला आणि पाय वेल्ड केलेत त्या भागात आधी. भंगारात काढलेली अशी एक टाकी मी कापून बघितली होती, वरचा अर्धा भाग आतून नव्यासारखा आणि तळाला वीतभर रुंद पट्टा नुसता खड्डे खड्डे, स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर एके ठिकाणी आरपार गेला, आणि बाहेरून तिथे रंगाचा पोपडासुद्धा निघालेला नव्हता.

तर आधी टाकीवरची नेमप्लेट शोधा, वर्किंग प्रेशर किती ते तिच्यावर असतं. नेमप्लेटच नसेल तर माझ्या मते त्या टाकीच्या नादाला लागू नका. असेल तर टाकीच्या तोंडाचं बूच काढून मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला, तळ नीट बघा, बरा वाटला तर अल्ट्रासॉनिक मीटरने तळाची जाडी मोजून घ्या आणि मग हायड्रो टेस्ट. म्हणजे टाकीत काठोकाठ पाणी भरायचं, आत हवा अजिबात ठेवायची नाही, आणि हातपंपाने वर्किंग प्रेशरच्या साधारण दीडपट नेऊन अर्धा तास बघायचं, गेज उतरतंय का, कुठे पाझरतंय का. पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी थोडं पाणी उडतं आणि गेज शून्यावर येतं. हवा भरून ही टेस्ट कधीही करू नका, हवा स्प्रिंगसारखी दबून बसलेली असते आणि फुटली की पत्र्याचे तुकडे उडतात. हे काम नेहमी करणाऱ्याकडूनच करून घ्या.

बारीक भोक सापडलं तर लोक वेल्डिंग करतात नाहीतर एपॉक्सी लावतात, कृपा करून हे करू नका. भोक पडलंय तिथे पत्रा संपलाय, त्याच्या आजूबाजूलाही तो संपत आलेलाच असतो. टेस्टमध्ये नापास झालेली टाकी भंगारात देताना तिला ड्रिलने दोन-चार भोकं पाडून द्या, म्हणजे दुसरं कोणी वापरायला घेणार नाही. पंप आणि मोटर चांगली असेल तर ती नव्या टाकीवर बसते.

बोल्ट काढून नवा सेफ्टी व्हॉल्व्ह लावा, त्याचं सेटिंग टाकीच्या वर्किंग प्रेशरपेक्षा जास्त नको, आणि टाकी आणि तो व्हॉल्व्ह यांच्या मधे कुठलाही कॉक नको. गेज पण नवीनच घ्या.

पंपाचं ऑइल काढा, दुधासारखं असेल तर पाणी गेलंय. हेड उघडून व्हॉल्व्ह प्लेटवरचा कार्बन साफ करा, सिलिंडरला गंज आहे का बघा. मोटरचं इन्सुलेशन इलेक्ट्रिशियनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) तपासून घ्या, अर्थिंग पण. पट्ट्याला गार्ड हवाच.

मग ड्रेन कॉक पूर्ण उघडा ठेवून १५-२० मिनिटं मोकळा चालवा, फ्लायव्हील बाणाच्या दिशेने फिरतंय ना बघा, थ्री फेज असेल आणि उलटं फिरत असेल तर मेन बंद करून कोणत्याही दोन फेज अदलाबदल करायच्या. नंतर कॉक बंद करून २ किलो, ४ किलो असं थांबत थांबत वर न्या, जॉइंटवर साबणाचं पाणी लावा, आणि गळती दिसली तर प्रेशर उतरवूनच जॉइंट आवळा. कट-आउटला, म्हणजे ठरवलेलं प्रेशर भरल्यावर, मोटर थांबली की प्रेशर स्विचकडून "फुस्स" असा छोटा आवाज यायला हवा, तो अनलोडर, म्हणजे पंपात अडकलेली हवा सोडणारा छोटा व्हॉल्व्ह. आला नाही तर पुढच्या वेळी मोटर भरलेल्या पंपावर जोर लावत सुरू होईल आणि जळेल. तो आवाज थांबतच नसेल तर बहुतेक नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (टाकीतली हवा उलट पंपाकडे येऊ न देणारा) लीक आहे.

प्रश्न: कॉम्प्रेसरमध्ये गाडीचं इंजिन ऑइल टाकलं तर?

उत्तर: नको. त्यातल्या डिटर्जंटमुळे फेस येतो आणि व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. कॉम्प्रेसर ऑइलच घ्या, पिस्टनवाल्या पंपाला बहुतेक वेळा आयएसओ व्हीजी १०० (ऑइलच्या घट्टपणाचा ग्रेड) लागतं, पण मॅन्युअल असेल तर त्यात लिहिलंय तेच.

प्रश्न: हवेची लाइन पीव्हीसी पाइपने टाकली तर स्वस्तात होईल, चालेल?

उत्तर: पाण्याला ठीक, हवेला अजिबात नाही. पीव्हीसी काळाबरोबर ठिसूळ होतं आणि दाबलेल्या हवेने फुटलं तर काचेसारखे धारदार तुकडे उडतात. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड), तांबं किंवा हवेसाठीच बनवलेला ॲल्युमिनियम पाइप घ्या, लाइनला थोडा उतार द्या आणि सगळ्यात खालच्या टोकाला एक ड्रेन कॉक ठेवा, तो आणि टाकीचा कॉक रोज काम संपल्यावर पाणी यायचं थांबेपर्यंत उघडायचा.